उंचावरची हवा

म्हादबाभाऊ चढणीवर बोलत नसत आणि बरोबरच्यालाही बोलू देत नसत. लोणावळ्याच्या स्टेशनापासून खंडाळ्याच्या अंगाला आमचा बंगला होता आणि शेवटचा फर्लांगभर रस्ता चांगलाच उभा होता. मी पहिल्यांदा त्या रस्त्याने आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी नुकतीच लागली होती, ट्रंक हमालाच्या डोक्यावर होती आणि वळकटी माझ्या खांद्यावर. उत्साहाने ताडताड चढून आलो आणि फाटकाशी पोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. फाटकाच्या आत एक उंच, काटकुळे गृहस्थ खुरपं घेऊन गुलाबाच्या आळ्याशी बसले होते. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी खुरप्याचा हात वर करून मला थांबवलं.

"बसा वाईच. दम खा. नाव कुटं पळून जात न्हाई."

मी कठड्यावर बसलो. ते माझ्या तोंडाकडे न बघता छातीकडे बघत होते. माझी छाती शांत झाली तेव्हा म्हणाले, "आता सांगा." मी नाव सांगितलं. त्यांनी आपलं सांगितलं, "म्हादबा," आणि मागच्या दोन खोल्यांची किल्ली कनवटीतून काढून दिली. मी तिथे आठ वर्षं राहिलो.

बंगल्याचे मालक मुंबईचे व्यापारी होते. ते वर्षाकाठी आठवडाभर येत. एरवी पुढचा मोठा भाग हवापालटासाठी येणाऱ्या कुटुंबांना भाड्याने दिलेला असे. राखण, बाग, विहीर आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय असं सगळं म्हादबाभाऊ एकटे बघत. वय पन्नाशीच्या आतबाहेर. लग्न केलेलं नव्हतं. मूळचं गाव कामशेतहून पवनेच्या बाजूला दोन कोसांवर, तिथे पुतणे शेती करत.

त्यांची चाल सगळ्या गावात ओळखू येई. चढ लागला की एक पाऊल टाकायचं, मागचा गुडघा ताठ करून क्षणभर त्याच्यावर उभं राहायचं आणि मगच दुसरं पाऊल उचलायचं. माझ्या शाळेतली मुलं त्यांना बगळा म्हणत आणि त्यांच्या मागून तशीच चालत. त्यांना ते ठाऊक होतं. एखाद दिवशी ते मुद्दाम एक पाय उचलून बराच वेळ तसेच उभे राहत. मागची सगळी रांगही एका पायावर उभी राही आणि शेवटी कुणीतरी धडपडे. मग भाऊ मागे न वळता पुढे चालू लागत. पण गंमत अशी की त्या चालीने ते दिवसभर चालले तरी दमत नसत, आणि मी त्यांच्यापुढे धावत जाऊन वरच्या वळणावर हाश्शहुश्श करत बसलेला असे.

नवा भाडेकरू टांग्यातून उतरला की भाऊ सामानाला हात लावायच्या आधी माणसांकडे बघत. व्हरांड्याच्या पाच पायऱ्या होत्या. कोण कितव्या पायरीवर थांबतं, कठडा धरतं का, वर पोचल्यावर बोलताना वाक्य पुरं करतं का, एवढं पाहून झालं की मगच ते ट्रंक उचलत. संध्याकाळपर्यंत फाटक आणि पायऱ्या यांच्या मधोमध जांभळीखाली एक खुर्ची आलेली दिसे. कुणी मागितलेली नसे. ज्याला ती लागणार असे त्यालाही ती लागणार हे अजून ठाऊक नसे. दोन दिवसांनी तो माणूस फिरून येताना तिथवर पोचला की खुर्चीत टेकायचाच. एकदा मी विचारलं, तुम्हाला कसं कळतं? तर म्हणाले, नखं बघावीत. माणूस तोंडानं बरं हाय म्हणतो, नखं तसं म्हणत न्हाईत.

लोणावळ्याच्या हवेचं कौतुक करणं हा त्या काळी भाडेकरूंचा मुख्य उद्योग होता. मंडळी सकाळी व्हरांड्यात उभी राहून मोठमोठे श्वास घेत आणि एकमेकांना सांगत, की इथे उंचावर प्राणवायू भरपूर. भाऊ ऐकून घेत. एकदा मात्र मला विहिरीवर म्हणाले, "हवा चांगली हाय ती धूर न्हाई म्हणून. उंच हाय म्हणून न्हाई. उंच गेलं की हवा कमीच व्हती, मास्तर."

मला नवल वाटलं, कारण हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि ते तर शाळेत गेलेले नव्हते. त्यांना मराठी अक्षर येत नव्हतं, मराठी आकडाही येत नव्हता. टांग्याच्या पाटीवरचा नंबर ते मला वाचायला सांगत. पण इंग्रजी आकडे मात्र त्यांना नीट वाचता येत, अगदी दशांश चिन्हासकट. हे कोडं मला सुटलं ते माझ्या फजितीमुळे.

वर्गात मी पाणी उकळण्याचा प्रयोग करून दाखवत होतो. स्पिरिटचा दिवा, चंचुपात्र, त्यात लोंबता थर्मामीटर. फळ्यावर आधीच लिहून ठेवलं होतं, पाणी शंभर अंशांवर उकळते. पाणी खळखळून उकळू लागलं आणि पारा अठ्ठ्याण्णवावर जाऊन बसला. मी वात मोठी केली. पाणी आटायला आलं, पारा हलेना. पुढच्या बाकावरचा एकजण मला आकडा पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होता. मी वर्गाला सांगितलं की थर्मामीटर सदोष आहे आणि घरी आल्यावर तो पुण्याच्या दुकानाला परत पाठवायला बांधू लागलो. भाऊ दूध घेऊन आले होते. त्यांनी तो हातात मागितला. उजेडाकडे धरून, डोळा पाऱ्याच्या अगदी समोर आणून त्यांनी तो पाहिला. असा थर्मामीटर धरणारा माणूस मी कॉलेजात एकच पाहिला होता, आमचे प्रोफेसर.

"किती आलं?"

"अठ्ठ्याण्णव."

"बराबर हाय. दोन हजार फूट. यंत्र चुकलं न्हाई, तुमी चढून आलात."

मी शरमलो. हवेचा दाब कमी झाला की पाणी लवकर उकळतं हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, पण आपण स्वतः घाट चढून त्या कमी दाबात राहायला आलो आहोत हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पुढच्याच रविवारी आम्ही दोघं गाडीने घाट उतरून कर्जतला गेलो. स्टेशनाबाहेर एका शेताच्या बांधावर स्टोव्ह पेटवून पाणी ठेवलं. पारा चढत चढत जवळजवळ शंभराला टेकला. मी आनंदाने टाळी वाजवली. भाऊ स्टोव्हकडे बघत उकिडवे बसले होते. पाणी आटत आलं तरी त्यांनी स्टोव्ह बंद केला नाही, शेवटी मीच केला. परतीच्या गाडीत मी विचारलं की हे तुम्ही कुठे शिकलात. हिमालयाच्या पलीकडे, म्हणाले, मोजणीच्या साहेबाबरोबर गेलतो. आणि खिडकीतून बाहेर बघू लागले. पुढे विचारायचा मला धीर झाला नाही.

त्यांच्याविषयी आणखी दोन गोष्टी मला कळत नव्हत्या. एक म्हणजे ते भात खात नसत. मावळात राहून, घरचा आंबेमोहर पिकत असून, नाचणीची भाकरी आणि कालवण एवढंच त्यांचं जेवण. लग्नाच्या पंगतीत पानावर भात आला की ते हात आडवा धरत. दुसरी म्हणजे दर बाजाराला ते कामशेतला जात आणि तिथून गावी, पण पुतण्यांच्या घरी न उतरता वरच्या आळीतल्या सारजामावशींकडे. सारजामावशी नात्याच्या नव्हत्या. विधवा बाई, एकुलता मुलगा किसन परमुलखात तापाने गेलेला. त्यांची तीन खाचरं भाऊच बघत. पेरणी, रोपांची आवणी, झोडणी या दिवसांत मालकाकडून सुट्टी मागून ते आधी मावशींचं शेत उरकत, मग पुतण्यांना हात देत. गावात म्हणत, पोटचा पोर काय करील असं म्हादबा करतो.

माझ्या चौथ्या वर्षी, दिवाळीनंतर, वसंतराव आणि मालतीबाई हे मुंबईचं जोडपं पुढच्या भागात राहायला आलं. वसंतराव तिशीचे, विमा कंपनीत चांगल्या जागेवर. माणूस सज्जन, बोलका, आणि बायकोवर अतोनात जीव. मालतीबाईंना लहानपणी सांधेज्वर झाला होता, त्यात हृदय अधू झालेलं. त्या दुसऱ्या पायरीवर थांबल्या. त्या संध्याकाळी जांभळीखालची खुर्ची भाऊंनी उचलून पायऱ्यांच्या अगदी जवळ आणून ठेवली.

डॉक्टरांनी थंड, मोकळ्या हवेत ठेवा असं सांगितलं होतं. वसंतरावांनी ते वेदवाक्य मानलं. खिडक्या उघड्या, दूध मोजून, फेऱ्या ठरवून, आठवड्याचं वजन वहीत लिहून. मालतीबाई सगळं हसतमुखाने करत. पण महिना झाला तरी त्या सुधारल्या नाहीत. उलट झोपताना दोन उशा लागत तिथे चार लागू लागल्या. पावलं सुजू लागली. भाऊ रोज सकाळी फुलं द्यायच्या निमित्ताने जात. एकदा म्हणाले, ओठांचा रंग बघितलात का, मास्तर? मी पाहिला नव्हता. परक्या बाईच्या ओठांकडे मी कशाला बघतोय.

वसंतरावांचे थोरले बंधू सरकारी नोकरीत शिमल्याला होते. त्यांचं पत्र आलं की इकडे घेऊन या, इथल्या हवेने मेलेला माणूस उठून बसेल. वसंतराव हरखून गेले. लोणावळा दोन हजार फूट, शिमला सात हजार. इथे थोडा गुण येत नसेल तर तिथे नक्की येईल, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यांनी रजा वाढवली, तिकिटं काढली आणि एका दुपारी व्हरांड्यात ट्रंका मांडून भरायला घेतलं. मी माझ्या खोलीत वह्या तपासत होतो. भाऊ माझ्या दारावरून पुढे गेले, तेव्हा त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलेलं होतं. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून उठून मागे गेलो.

ते पायऱ्या चढून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, माफी करा. बाईंना वर नेऊ नका."

वसंतरावांना वाटलं माडीवर. म्हणाले, माडीवर कोण नेतंय?

"माडीवर न्हाई. शिमल्याला."

वसंतराव आधी हसले. भाऊ हसत नाहीत असं पाहून चिडले. माळ्याने मला शिकवायचं का, असं त्यांनी मला उद्देशून विचारलं. मग मलाही बोलणं भाग पडलं. मी सांगितलं की उंच गेलं तरी हवेत प्राणवायूचं प्रमाण तेच राहतं, पाचातला एक भाग. पण हवाच विरळ होते, त्यामुळे एका श्वासात येते ती हवाच कमी. समुद्राकाठी माणूस श्वासाचे चौदा घास घेत असेल तर इथे तेवढ्याच श्वासांत तेराच मिळतात. शिमल्याला चारातला जवळजवळ एक घास कमी. धडधाकट माणसाचं शरीर ते भरून काढतं, श्वास वाढवतं, काळीज जोराने चालवतं. ज्याचं काळीजच अधू, त्याने काय करायचं?

वसंतरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, हे तुमच्या पुस्तकातलं झालं. उन्हाळाभर सगळं सरकार तिथे जाऊन बसतं, त्यांना कुठे काय होतं?" माझ्याजवळ उत्तर होतं, पण मी मुखदुर्बळ माणूस. शिवाय मनात आलं, उद्या इथे राहून काही बरंवाईट झालं तर? मी गप्प बसलो. ही माझी चूक मी कधी लपवलेली नाही.

भाऊ मात्र गेले नाहीत. ते भरलेल्या ट्रंकेशेजारी फरशीवर बसले आणि किसनची हकीकत सांगू लागले. ती मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पुढे कळलं की त्याआधी ती कुणीच ऐकलेली नव्हती.

म्हादबा आणि किसन एका आळीत वाढले. दोघंही खंडाळ्यात एका साहेबाच्या बंगल्यावर कामाला होते. साहेब मोजणीखात्यातला. हे दोघे घाटाच्या कड्यावरून शेळीसारखे चढतात-उतरतात हे पाहून तो उत्तरेकडच्या मोहिमेवर त्यांना बरोबर घेऊन गेला. पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. दोघं पंचविशीच्या आतले. मावळातल्या गड्यांना डोंगराचं काय, अशी दोघांचीही घमेंड, आणि किसन तर दोघांत जास्त दांडगा. म्हादबाकडे काम होतं ते खिंडीवर पोचलं की पाणी उकळून थर्मामीटरचा आकडा साहेबाला सांगायचं. त्या आकड्यावरून साहेब उंची काढी. इंग्रजी आकडे ते तिथे शिकले.

एका खिंडीवर तळ पडला. पहिल्या रात्रीपासूनच किसनचं डोकं ठणकू लागलं. खाल्लेलं ओकू लागला. सकाळी त्याला चार पावलं टाकली तरी धाप लागत होती, आणि ओठ जांभळे पडलेले. तिथला एक म्हातारा हमाल खुणा करून सारखा सांगत होता, याला खाली न्या, आत्ता न्या. पण आभाळ भरलेलं होतं आणि साहेबाला आकडा दोन दिवस पाहून पक्का करायचा होता. जबरदस्ती कुणी केली नव्हती. साहेब म्हादबाला म्हणाला होता, हवं तर तू त्याला घेऊन उतर, मी पाणी उकळीन.

इथवर भाऊ सरळ सांगत आले होते. मग थांबले, आणि पुढचं सांगताना वसंतरावांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मीच न्हाई उतरलो. मला वाटलं, एवढा दांडगा गडी, एक दिस पडून ऱ्हायला की उठंल. माझं काम दुसऱ्यानं केलेलं मला नगं व्हतं. किसन म्हणला, म्हादू, मऊ भात कर. घरनं त्याच्या आईनं दिलेलं मूठभर तांदूळ व्हतं. मी चुलीवर ठेवलं. पाणी उकळतंय, वाफ निघतीय, सकाळपास्नं दुपार झाली, पर दाणा शिजंना. तितं पाणी उकळतं, पर तापत न्हाई. त्यो सारखा इचारी, झाला का? मी म्हणं, होतोय. दुपारी ऊन पडलं. मी आकडा घेतला. आकडा घेऊन आत आलो तर त्यो गेला व्हता."

भाऊ म्हणाले, "त्या म्हाताऱ्यानं मागनं मला सांगितलं, हजार-दोन हजार फूट खाली नेला असता तर उठून बसला असता. साहेब, बाईंना खाली न्या. समुद्राकाठी न्या."

आतल्या दाराशी हालचाल झाली. मालतीबाई खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला वर जायचं नाही. इथे आल्यापासूनच मला जास्त धाप लागते. तुमचा हिरमोड होईल म्हणून बोलले नाही."

वसंतराव तिथेच ट्रंकेवर बसले. बराच वेळ त्यांनी डोळ्यांवरून हात काढला नाही. दुसऱ्या दिवशी ते मुंबईला जाऊन डॉक्टरांना भेटले. शिमल्याचं नाव काढताच डॉक्टर त्यांच्यावर संतापले. थंड हवा म्हणजे उंच डोंगर असं मी कधी म्हणालो, म्हणून त्यांना धारेवर धरलं. आठवड्याच्या आत ते जोडपं घाट उतरून अलिबागला, मालतीबाईंच्या मावशीच्या घरी गेलं. आजार काही गेला नाही, तो जाण्यातला नव्हताच. पण उशा पुन्हा दोनावर आल्या. मला बरीच वर्षं त्यांची पत्रं येत होती. शेवटच्या पत्रात त्या शेजारच्या मुलींना भरतकाम शिकवत होत्या आणि म्हादबाभाऊंना नमस्कार सांगत होत्या.

ते जोडपं गेलं त्या संध्याकाळी भाऊ माझ्या खोलीत आले. येत्या बाजाराला माझ्यासंगं गावाला येता का, विचारू लागले. मी कारण विचारलं.

"परक्या माणसाला सांगितलं, मास्तर. आता तिला न सांगता कसं ऱ्हाऊ? तिला ताप म्हणून सांगितलंय. पंचवीस वर्सं झाली."

मी म्हणालो, आता सांगून काय उपयोग, म्हातारीला उगाच दुःख. ते म्हणाले, येत असलात तर या. मी गेलो.

सारजामावशी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मला त्यांनी घोंगडी अंथरली, गूळपाणी दिलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं. भाऊ त्यांच्यासमोर खाली बसले आणि वसंतरावांना सांगितलं होतं तेच सगळं, त्याच क्रमाने सांगितलं. काही वगळलं नाही, काही सावरून घेतलं नाही. मावशींचं सूप आधी हळू झालं, मग थांबलं.

त्या एवढंच म्हणाल्या, "जेवला व्हता का?"

"न्हाई. भात शिजला न्हाई."

मावशींनी सुपातले तांदूळ हाताने एका कडेला सारले, पुन्हा पसरले. मग म्हणाल्या, "म्हादू, आता हितं येऊ नगं."

भाऊ उठले. मीही उठलो. परतीच्या वाटेवर उतार होता, उतारावर ते नेहमी बोलत, त्या दिवशी बोलले नाहीत. कामशेतच्या स्टेशनात गाडीची वाट बघताना मी म्हणालो की रागाच्या भरात बोलल्या, होईल शांत. ते म्हणाले, राग खरा हाय. त्यांच्या चेहऱ्यावर मला दुःख दिसत होतं, पण आणखीही काहीतरी होतं. फाटकाशी बसवून ते भाडेकरूंना दम खायला लावत आणि थोड्या वेळाने त्या माणसांचा चेहरा जसा होई, तसं काहीतरी.

पुढचे पावसाळे त्यांना कठीण गेले. आवणीच्या दिवसांत ते सुट्टी घेऊन गावी जात आणि मावशींच्या खाचराच्या बांधावर उभे राहत. मावशी दुसरं माणूस लावून आवणी करून घेत आणि त्यांच्याकडे बघत नसत. ते संध्याकाळी परत येत. एकदा मी म्हणालो, कशाला जाता? ते म्हणाले, जाऊ नगं म्हणली न्हाई ती. घरी येऊ नगं म्हणली. बांध घराच्या बाहेर हाय. हा विनोद होता की काय मला कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विहिरीकडे निघून गेले.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर वर्षभरातच मला धुळ्याकडे जास्त चांगली नोकरी मिळाली. मी निघालो त्या दिवशी भाऊ बंगल्यात नव्हते, बाजाराचा दिवस होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला गुलाबाची चार कलमं ओल्या गोणपाटात बांधून दिली होती आणि तिकडे ऊन लय, सावलीत लावा, एवढंच सांगितलं होतं. नीट निरोप असा झालाच नाही. मला वाटलं होतं, सकाळी ते थांबतील.

त्यानंतर मी पुष्कळ गावं पाहिली. उंचावरच्या गावांतही राहिलो. एखाद्या जिन्यावर माझीच छाती भरून आली की वाटतं, कुणीतरी काही न विचारता खुर्ची आणून ठेवावी. लढाई संपल्यावर मुद्दाम लोणावळ्याला गेलो होतो. बंगला विकला गेला होता, जांभूळ तोडलेलं होतं, नव्या माळ्याने म्हादबा हे नावही ऐकलेलं नव्हतं. गावाकडे जायला मला त्या दिवशी वेळ होता. कामशेतपर्यंत जाऊन मी परत फिरलो. कुणी सांगितलं असतं की ते गेले, तर ते मला ऐकायचं नव्हतं.

म्हणून माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दर्शन धुळ्याला निघालो त्या दिवसाचंच. मी पुण्यामार्गे निघालो होतो, गाडी कामशेतला थांबली. बाजाराची गर्दी होती, फलाटाच्या टोकाला भाताची पोती रचलेली होती. त्या पोत्यांशी एका दगडावर सारजामावशी बसल्या होत्या, बऱ्याच थकलेल्या, पदराने वारा घेत. त्यांच्यासमोर, अंगणात बसले होते तसेच जमिनीवर, भाऊ बसले होते. मावशी काहीतरी बोलत होत्या. मधूनमधून दम लागून थांबत होत्या आणि पुन्हा बोलत होत्या. रागावून बोलत होत्या की शेताचं काही सांगत होत्या की किसनचं, मला डब्यातून ऐकू येत नव्हतं. किती वर्षांनी बोलत होत्या तेही मला ठाऊक नाही, कदाचित त्याच दिवशी पहिल्यांदा. भाऊंची मान खाली होती आणि ते ऐकत होते. मी हाक मारायला खिडकीतून तोंड बाहेर काढलं. मावशींनी बोलता बोलता हात पुढे केला आणि भाऊंच्या मुंडाशावरची काडी उचलून खाली टाकली. मी हाक मारली नाही. गाडी हलली, पोत्यांची थप्पी मध्ये आली, आणि ती सरली तेव्हा फलाट संपला होता.